सोनोग्राफीला जाण्यापूर्वी

बाजारात मडके घेताना गृहिणी ते नुसते डोळ्यांनी पाहून घेत नाही. बोटाने टिचकी मारून वाजवून घेते. खणखणीत वाजले तर पक्के, बद्द वाजले तर कोठेतरी तडा. गाडी स्थानकात थांबली की पूर्वी एक माणूस लांब दांड्याची हातोडी घेऊन चाकांवर ठोके देत जात असे. त्याचेही काम हेच. जे डोळ्यांना दिसत नाही ते कानांनी ओळखावयाचे, ही युक्ती कारागिरांना आणि कामगारांना पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे. सोनोग्राफी नावाची जी तपासणी आज गावोगाव होते, ती याच युक्तीची सुधारलेली आवृत्ती होय.

हा विषय डॉक्टरांचा. युनियनचे काम करणाऱ्या माणसाने त्यात का पडावे, असे कोणी विचारील. यंत्र कसे चालवावे हे डॉक्टरांनीच सांगावे. पण त्या टेबलावर जो निजतो त्याने काय जाणावे आणि काय विचारावे, हे निजणाऱ्यांपैकी कोणी सांगितले तर बिघडत नाही. कामाचा दर ठरविताना कामगार चार प्रश्न विचारतो, पगाराच्या पावतीतील कपात दोनदा मोजून पाहतो. तोच कामगार तपासणीच्या खोलीत शिरला की मुका होतो. तपासणी कशासाठी, उपाशी यावयाचे की जेवून, पैसे किती, निघालेल्या कागदाचा अर्थ काय, यांपैकी काहीच तो विचारीत नाही. या मुकेपणाची किंमत कधी एक दिवसाचा रोज असते, कधी नको असलेली शस्त्रक्रिया असते. आणि आपल्या महाराष्ट्राने तर याहून मोठी किंमतही मोजली आहे. तिच्याकडे मी शेवटी येणार आहे.

कारखान्यातून इस्पितळात

१७६१ साली व्हिएन्ना येथील लिओपोल्ड आउएनब्रुगर या डॉक्टराने रोग्याच्या छातीवर बोटांनी ठोके देऊन आतील स्थिती ओळखण्याची रीत प्रसिद्ध केली. त्याचे वडील खानावळ चालवीत. पिंपात दारू किती उरली हे पिंपावर ठोके देऊन पाहण्याची त्या धंद्यातील रीत मुलाने लहानपणी पाहिली होती, असे सांगतात. डॉक्टर आपल्या पाठीवर एक बोट ठेवून दुसऱ्या बोटाने त्यावर ठोका देतात, ती पद्धत तेथून आलेली आहे.

पुढे १८८० साली फ्रान्समध्ये प्येर क्युरी आणि झाक क्युरी या भावांना असे आढळले की, क्वार्ट्झसारख्या काही स्फटिकांवर दाब दिला असता त्यांत वीज उत्पन्न होते. उलट, वीज दिली असता असा स्फटिक थरथरतो, हेही लवकरच सिद्ध झाले. थरथरणारी वस्तू म्हणजे आवाज. तेव्हा एकच स्फटिक आवाज काढू शकतो आणि परत आलेला पडसाद टिपूही शकतो. पहिल्या महायुद्धाच्या काळात पॉल लांजव्हँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने समुद्राखालच्या पाणबुड्या हुडकण्यासाठी या गुणाचा उपयोग केला. मग ही विद्या कारखान्यांत आली. पोलादाचा पत्रा, बॉयलरची जोडणी, आगगाडीचा रूळ यांच्या पोटात तडा आहे काय, हे वस्तू न फोडता पाहणारी यंत्रे निघाली. आपल्या रेल्वेत रूळ आणि ॲक्सल यांची अशी तपासणी आजही होते. आपल्यापैकी कित्येकांनी ती जवळून पाहिली असेल.

हे कारखान्यातील यंत्र माणसाच्या पोटावर आणण्यासाठी अनेक देशांत प्रयत्न झाले. त्यांत ग्लासगो येथील स्त्रीरोगतज्ज्ञ इयन डोनाल्ड यांचे नाव ठळक आहे. १९५५ च्या जुलै महिन्यात शस्त्रक्रियेत काढलेल्या काही गाठी मोटारीत घालून हे गृहस्थ रेनफ्रू येथील बॅबकॉक अँड विल्कॉक्स या बॉयलर बनविणाऱ्या कंपनीत गेले. तेथे धातूतील दोष शोधणाऱ्या यंत्राने त्या गाठी तपासल्या. तुलनेसाठी मांसाचा एक तुकडाही घेतला. भरीव गाठीचा पडसाद निराळा आणि पाण्याने भरलेल्या गाठीचा निराळा, हे तेथे स्पष्ट दिसले. नंतर टॉम ब्राऊन नावाच्या तरुण अभियंत्याने त्यांच्यासाठी यंत्र तयार केले. ७ जून १९५८ च्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात डोनाल्ड, मॅकव्हिकार आणि ब्राऊन या तिघांचा निबंध प्रसिद्ध झाला आणि या तपासणीचा पाया घातला गेला.

त्या काळातील एक रोगी स्त्री ध्यानात ठेवण्याजोगी आहे. तिचे पोट फुगले होते. जठराचा कर्करोग पसरला असून पोटात पाणी भरले आहे, आता इलाज नाही, असे निदान मोठ्या शल्यतज्ज्ञांनी केले होते. डोनाल्ड यांच्या यंत्राने दाखविले की, ते पाणी पोटात मोकळे पसरलेले नसून एका मोठ्या पिशवीत आहे. ती बीजकोषाची साधी गाठ निघाली. शस्त्रक्रियेने काढली आणि बाई बरी झाली. यंत्राने येथे एका नेमक्या प्रश्नाचे उत्तर दिले: पाणी मोकळे आहे की पिशवीत? प्रश्न नेमका होता म्हणून उत्तरही नेमके मिळाले. पुढील सर्व विवेचनात ही एकच गोष्ट मला पुनःपुन्हा सांगावयाची आहे.

यंत्र काय पाहते, काय पाहत नाही

माणसाच्या कानाला सेकंदाला साधारणपणे २० ते २०,००० कंपनांचा आवाज ऐकू येतो. सोनोग्राफीच्या आवाजाची कंपने सेकंदाला २० लाखांपासून दीड कोटीपर्यंत किंवा त्याहूनही अधिक असतात; म्हणून तो आपल्याला ऐकू येत नाही. डॉक्टरांच्या हातातील मुठीएवढ्या भागाला प्रोब म्हणतात. तो आवाज सोडतो आणि पडसाद टिपतो. शरीराच्या मऊ भागांतून हा आवाज सेकंदाला सुमारे १,५४० मीटर वेगाने जातो. दहा सेंटिमीटर खोल असलेल्या कडेवर आपटून परत येण्यास त्याला सेकंदाचा सुमारे ७,७०० वा भाग पुरतो. पडसाद किती वेळाने आला यावरून अंतर कळते, किती जोराचा आला यावरून वस्तू कशी आहे हे कळते. आणि अशा असंख्य पडसादांची मांडणी करून यंत्र पडद्यावर चित्र उभे करते.

यात क्ष-किरण नसतात. ‘किरणे लागून अपाय होईल’ ही भीती पुष्कळांना, विशेषतः गरोदर बायकांना वाटते. ती निराधार आहे. फार तीव्र ध्वनीने उष्णता निर्माण होते हे खरे. परंतु तपासणीसाठी जी मात्रा वापरतात तिच्यामुळे रोग्याला किंवा गर्भाला अपाय झाल्याचे सिद्ध झालेले नाही. तथापि अपाय नाही म्हणून गंमत म्हणून करावी, असेही नव्हे. कारण असेल तेव्हाच आणि लागेल तितकाच वेळ, असा या विद्येचा जगभरचा नियम आहे.

आता या यंत्राचे दोन वैरी ध्यानात ठेवा: हवा आणि हाड. हवेपाशी आवाज जवळजवळ सगळाच परत फिरतो, पुढे जात नाही. हाडापाशीही तो अडतो. यावरून कितीतरी गोष्टी आपोआप उलगडतात. पोटावर तो गार, चिकट जेली का लावतात? प्रोब आणि कातडी यांच्यामध्ये हवेचा पातळ थरही राहू नये म्हणून. ‘श्वास घ्या, रोखून धरा’ असे का सांगतात? बरगड्यांच्या आड दडलेले यकृत श्वासाबरोबर खाली सरकते आणि नजरेत येते म्हणून. आतड्यांत वायू भरलेला असला की त्यामागचे स्वादुपिंड अनेकदा दिसत नाही. रिपोर्टात तसे लिहूनही येते. पित्ताशयातील खडा सोनोग्राफीत चांगला दिसतो; पण पित्तनलिकेच्या खालच्या टोकाशी अडकलेला किंवा मूत्रनलिकेच्या मधल्या भागात बसलेला खडा निसटू शकतो. हाडाच्या आतले ती दाखवीत नाही. पोटात दुखते आणि सोनोग्राफी ‘नॉर्मल’ आली, तर दुखणे खोटे ठरत नाही. या यंत्राला त्याचे कारण दिसले नाही, इतकाच त्याचा अर्थ. दुखणे चालू राहिले तर पुन्हा डॉक्टरांकडे जावे. ‘सोनोग्राफी चांगली आहे, आता काय’ असे म्हणून घरी बसू नये.

पूर्वतयारी

ज्याची सोनोग्राफी, त्याची तयारी. सर्वांना एकच नियम नाही, आणि येथेच माणसांचा रोज बुडतो. आमच्या कचेरीत एक यंत्रमाग कामगार आला होता. पोटाच्या वरच्या भागाच्या तपासणीसाठी पहिल्या दिवशी तो चहा-बिस्किटे खाऊन गेला, म्हणून परत पाठविला. दुसऱ्या दिवशी उपाशी गेला; पण ‘उपाशी’ म्हणजे पाणीही नाही असे समजून लघवी करून कोरडाच गेला. डॉक्टरांना मूत्राशयही पाहावयाचे होते. तिसऱ्या दिवशी काम झाले. तीन दिवसांचा रोज गेला. एका वाक्याची सूचना कोणी दिली असती, किंवा त्याने विचारून घेतली असती, तर दोन दिवस वाचले असते.

पोटाच्या वरच्या भागाची, म्हणजे यकृत, पित्ताशय, स्वादुपिंड यांची तपासणी असेल तर साधारणपणे सहा ते आठ तास उपाशी राहावे लागते. खाल्ले की, विशेषतः दूध-तुपाचे खाल्ले की, पित्ताशय आकसून रिकामे होते. रिकाम्या पिशवीतील खडा दिसणे अवघड. शिवाय खाण्याबरोबर वायू वाढतो. चहा हा ‘काहीच न खाणे’ यात मोडत नाही. त्यात दूध असते. विडी, तंबाखू, च्युइंगम हेही त्या सकाळी टाळावे. त्यांच्याबरोबर हवा गिळली जाते. साधे पाणी सहसा चालते. तरी विचारून घ्यावे.

ओटीपोटाची, म्हणजे गर्भाशय, बीजकोष, मूत्राशय, प्रोस्टेट यांची तपासणी पोटावरून करावयाची असेल तर मूत्राशय भरलेले हवे. भरलेले मूत्राशय वायूने भरलेली आतडी वर सारते आणि आवाजाला आत पाहण्यासाठी पाण्याची खिडकी मिळते. त्यासाठी सुमारे तासभर आधी चार-पाच पेले पाणी पिऊन लघवी रोखून धरावी. मात्र असह्य होईपर्यंत रोखू नये. फार होऊ लागले तर तेथील माणसांना सांगावे, थोडी लघवी करून येण्यास हरकत नसते. प्रोस्टेटच्या रोग्याची लघवी झाल्यानंतर पुन्हा तपासणी होते, कारण आत किती उरते हे मोजावयाचे असते. तेव्हा ‘झाले’ असे समजून निघून जाऊ नये.

गळा, थायरॉइड, स्तन, सांधे, पायांच्या रक्तवाहिन्या यांच्या तपासणीस बहुधा कसलीच तयारी लागत नाही. त्यासाठी उपाशी बसणे म्हणजे उगाच जिवाचे हाल.

तीन प्रकारच्या लोकांनी विशेष काळजी घ्यावी. मधुमेहाच्या रोग्याने उपाशीपोटी गोळी किंवा इन्सुलिन घ्यावे की नाही, हे आपल्या डॉक्टरांना आधी विचारावे आणि सकाळची पहिली वेळ मागून घ्यावी. घाम फुटला, हातपाय कापू लागले तर तपासणीची वाट न पाहता सांगावे. ज्यांना मूत्रपिंडाच्या किंवा हृदयाच्या विकारामुळे पाणी मोजून पिण्यास सांगितले आहे, त्यांनी विचारल्याशिवाय भडाभड पाणी पिऊ नये. आणि लहान मुलाला मोठ्यांप्रमाणे आठ तास उपाशी ठेवू नये. त्याच्या वयाप्रमाणे किती वेळ, हे विचारावे.

जाताना डॉक्टरांची चिठ्ठी, जुने रिपोर्ट, असल्यास जुनी चित्रे बरोबर न्यावीत. गाठ मागच्या वर्षी दोन सेंटिमीटर होती आणि आजही दोनच आहे, हे जुना कागद असेल तरच कळते. पूर्वी कोणती शस्त्रक्रिया झाली हेही सांगावे. सैल, वरखाली करता येतील असे दोन भागांचे कपडे घालावेत.

तपासणीच्या खोलीत

प्रोब पोटावर दाबला जातो, पण तपासणी सहसा दुखत नाही. जेथे दुखते तेथे दाबले गेले तर तसे सांगावे. ती माहितीही डॉक्टरांच्या उपयोगाची असते. तपासणारे डॉक्टर गप्प राहून पडद्याकडे पाहत असतात. त्यांचे गप्प राहणे म्हणजे काहीतरी वाईट आढळले, असे समजून घाबरू नये. ते मोजमापे घेत असतात.

स्त्रियांच्या बाबतीत कधी कधी योनिमार्गातून आतली तपासणी करावी लागते. गर्भाशय आणि बीजकोष यांचे चित्र त्या वाटेने अधिक स्पष्ट येते. या वेळी मूत्राशय रिकामे असावे लागते. प्रोबवर स्वच्छ आवरण घालतात. ही तपासणी का करावयाची हे आधी समजावून सांगितले गेले पाहिजे आणि स्त्रीची संमती घेतली गेली पाहिजे. बाईमाणूस बरोबर असावे, अशी मागणी करण्याचा तिला पूर्ण अधिकार आहे. नको असल्यास ‘नको’ म्हणण्याचाही आहे. लाजेने गप्प राहून आणि मागाहून घरी रडून कोणाचेच भले होत नाही.

पैशाचेही बोलू. दर आधी विचारावा, पावती घ्यावी. डॉक्टरांनी एका केंद्राचे नाव सांगितले म्हणून तेथेच गेले पाहिजे, असा कायदा नाही. रोगी पाठविल्याबद्दल दलाली घेणे-देणे डॉक्टरांच्या व्यवसायाचे २००२ सालचे जे आचारनियम आहेत त्यांत निषिद्ध ठरविले आहे. ईएसआयचे कार्ड असलेल्या कामगाराने खिशातून पैसे काढण्यापूर्वी आपल्या दवाखान्यात चौकशी करावी. गरोदर स्त्रियांसाठी १ जून २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम सुरू झाला. त्यात सरकारी संस्थांमधील रक्त-लघवीच्या तपासण्यांबरोबर सोनोग्राफीही मोफत धरलेली आहे.

कागदावरचे शब्द

रिपोर्ट हाती आला की घरातील शिकलेला मुलगा तो वाचतो, एखादा भयंकर वाटणारा शब्द सापडतो आणि सर्व घराची झोप उडते. म्हणून काही शब्द ओळखून ठेवावेत. ‘सिस्ट’ म्हणजे पाण्याने भरलेली पिशवी; मूत्रपिंडातील साधी सिस्ट वाढत्या वयात पुष्कळांना असते आणि बहुधा त्रास देत नाही. ‘फॅटी लिव्हर’ म्हणजे यकृतात साठलेली चरबी. वजन, साखर आणि दारू यांच्याकडे लक्ष द्या, असा तो इशारा आहे. ‘फायब्रॉइड’ म्हणजे गर्भाशयातील स्नायूची गाठ. ती कर्करोगाची नसते, आणि त्रास नसेल तर अनेकदा नुसते लक्ष ठेवणे पुरते. पित्ताशयात खडे दिसले पण आजवर कधी दुखले नाही, तर केवळ चित्रात खडा दिसला म्हणून पोट कापावे, असा नियम नाही.

बहुतेक रिपोर्टांच्या तळाशी ‘क्लिनिकल कोरिलेशन’ करा, अशा अर्थाचे एक वाक्य असते. आपण ते छापील शिष्टाचार समजून सोडून देतो. वस्तुतः सर्व कागदावरील ते सर्वांत महत्त्वाचे वाक्य आहे. त्याचा अर्थ असा की, हे चित्र रोग्याच्या तक्रारीशी, त्याच्या अंगाच्या तपासणीशी आणि रक्ताच्या अहवालाशी ताडून पाहा. एकट्या चित्रावरून निर्णय करू नका. हे चित्र काढणाऱ्यानेच लिहून दिलेले आहे. तेव्हा केवळ सोनोग्राफीच्या कागदावर बोट ठेवून कोणी मोठी शस्त्रक्रिया सुचवीत असेल, तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेणे हा अविश्वास नव्हे, शहाणपण आहे. तातडीचा प्रसंग सोडल्यास त्याला चार दिवस नेहमी मिळतात.

हे मी हवेत बोलत नाही. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांची गर्भाशये मोठ्या संख्येने काढली जात असल्याचा प्रश्न गाजला आणि शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२ हजारांहून अधिक स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. याची कारणे अनेक आहेत: लहान वयातील लग्न, खाडा झाला की मुकादमाकडून होणारी कपात, फडावर ना न्हाणीघर ना शौचालय, आणि औषधोपचारापेक्षा ‘एकदाचे काढून टाका’ हा सल्ला. जिला एक दिवस बसून राहणे परवडत नाही, तिच्यापुढे कोणी ‘पिशवी खराब झाली आहे, पुढे कर्करोग होईल’ असे शब्द टाकले, तर ती काय विचारणार? अशा ठिकाणी कागदावरच्या एका शब्दाचा अर्थ माहीत असणे ही विद्वत्ता राहत नाही. तो अवयव वाचविण्याचा उपाय ठरतो.

गरोदरपणातील सोनोग्राफी आणि कायदा

गरोदर स्त्रीच्या सोनोग्राफीत वेळेला फार महत्त्व आहे. ११ ते १४ आठवड्यांच्या दरम्यानच्या तपासणीत गर्भाचे वय नेमके कळते, गर्भ एक की जुळा हे कळते, आणि काही दोषांची शंका घेता येते. १८ ते २० आठवड्यांच्या सुमारास गर्भाचे डोके, पाठीचा कणा, हृदय, पोट, हातपाय पाहून व्यंग आहे काय, याचा शोध घेतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली प्रत्येक गरोदर स्त्रीची २४ आठवड्यांपूर्वी एक सोनोग्राफी व्हावी, अशी शिफारस केली. ही वेळ का पाळावयाची? गंभीर व्यंग आढळले तर पुढे काय करावयाचे, याचा विचार करण्यास आईबापांना अवधी हवा. गर्भपाताच्या कायद्यात २०२१ साली झालेल्या दुरुस्तीप्रमाणे २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टराचे मत पुरते. पुढे २४ आठवड्यांपर्यंत काही ठरावीक वर्गांतील स्त्रियांसाठी दोन डॉक्टरांचे मत लागते. त्यानंतर गर्भातील गंभीर व्यंगासाठी वैद्यकीय मंडळाकडे जावे लागते. ‘पुढच्या पगाराला करू’ म्हणून महिना लोटला, तर हा अवधी हातचा जातो. सर्व व्यंगे दिसतातच असे नाही, हेही समजून असावे.

आता ज्या मोठ्या किमतीचा मी आरंभी उल्लेख केला, तिच्याकडे वळतो. जे यंत्र आई आणि मूल यांना वाचविण्यासाठी निघाले, त्याच यंत्राचा उपयोग आपण मुलींना जन्मापूर्वीच वेचून काढण्यासाठी केला. शिरगणतीचे आकडे पाहा. महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर १,००० मुलग्यांमागे १९९१ साली ९४६ मुली होत्या. २००१ साली ९१३ झाल्या. २०११ साली ८९४ उरल्या. ही घट दुष्काळाने केलेली नाही, साथीने केलेली नाही. ज्या जिल्ह्यांत पैसा आला, पाणी आले, यंत्रे आली, तेथेही ती झाली.

या प्रकाराविरुद्ध देशातील पहिला कायदा १९८८ साली महाराष्ट्राने केला. स्त्रियांच्या संघटना आणि आरोग्य कार्यकर्ते यांच्या चळवळीचे ते फळ होते. संसदेने १९९४ साली देशासाठी कायदा केला, १ जानेवारी १९९६ पासून तो अमलात आला आणि २००३ साली तो अधिक कडक झाला. त्याप्रमाणे गर्भाचे लिंग शब्दाने, खुणेने किंवा अन्य कोणत्याही रीतीने सांगणे गुन्हा आहे. ‘पेढे की जिलेबी’ हे विचारणेही त्यात आले आणि हसून उत्तर देणेही आले. सांगणाऱ्या डॉक्टराला पहिल्या गुन्ह्यासाठी ३ वर्षांपर्यंत कैद व १०,००० रुपयांपर्यंत दंड, आणि लिंग जाणण्यासाठी तपासणी करवून घेणाऱ्या नातेवाइकांना ३ वर्षांपर्यंत कैद व ५०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. गरोदर स्त्रीवर घरच्यांनी दबाव आणला असेल, असे हा कायदा मुळातच गृहीत धरतो. आणि ते आपल्या घरांची रीत ओळखूनच केले आहे.

म्हणून गरोदरपणात तपासणीला गेल्यावर ओळखपत्र मागतात, ‘फॉर्म एफ’ नावाचा फॉर्म भरून घेतात, ‘मला गर्भाचे लिंग जाणावयाचे नाही’ अशा निवेदनावर सही किंवा अंगठा घेतात. याला पुष्कळ लोक कटकट म्हणतात. मजुराला हजेरीपुस्तक कटकट वाटते काय? हजेरी नसेल तर मजुरी मागावयाची कशावर? तसेच हे आहे. ही न जन्मलेल्या मुलीची हजेरी आहे. केंद्राची नोंदणी झालेली असावी लागते, तिचे प्रमाणपत्र आणि ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ असा फलक दर्शनी भागात लावलेला असावा लागतो. तो नसेल तेथे पाऊल टाकू नये. सासूबाईंनी किंवा नवरोजींनी हळूच चौकशी करण्याचा आग्रह धरला तर ‘फॉर्मवर सही केली आहे’ एवढे उत्तर सुनेच्या हातात कायद्याने दिलेले आहे.

जाण्यापूर्वीचे पाच प्रश्न

एवढ्या विवेचनातून सर्व ध्यानात राहिले नाही तरी चालेल; पाच प्रश्न मात्र पाठ करावेत. तपासणी सांगणाऱ्या डॉक्टरांना दोन प्रश्न विचारावयाचे: ‘यातून तुम्हांला काय पाहावयाचे आहे?’ आणि ‘असे निघाले तर काय, तसे निघाले तर काय?’ दोन्ही उत्तरांनी उपचारात काहीच फरक पडत नसेल, तर तपासणीची घाई कशाला, हे नम्रपणे विचारता येते. सोनोग्राफी केंद्राला फोन करून दोन विचारावयाचे: ‘काय खाऊन, काय पिऊन यावयाचे?’ आणि ‘पैसे किती, वेळ कोणती, रिपोर्ट केव्हा?’ पाचवा प्रश्न रिपोर्ट घेऊन परत डॉक्टरांकडे: ‘माझ्या तक्रारीचा आणि या कागदाचा मेळ बसतो काय?’ रिपोर्ट कपाटात ठेवून घरी बसणाऱ्याची तपासणी अर्धीच झालेली असते.

या प्रश्नांना डॉक्टर रागावतील, ही भीती बाळगू नये. चांगल्या डॉक्टराला असा रोगी आवडतो, कारण त्याचे काम सोपे होते. गर्दीच्या दवाखान्यात एका रोग्याला पुरेसा वेळ मिळत नाही हे खरे. म्हणूनच प्रश्न घरून कागदावर लिहून न्यावेत, म्हणजे दोन मिनिटांत काम होते. ज्याला लिहिता येत नाही त्याला शेजारच्या शाळकरी मुलाने लिहून द्यावेत. आपल्या चाळीत, कारखान्यात, मंडळात कोणी सोनोग्राफीला निघाला असेल तर त्याला हे पाच प्रश्न सांगावेत. आणि कोणाच्या घरी सुनेला ‘तसल्या’ तपासणीसाठी नेत असल्याचे कानावर आले, तर ते त्यांचे घरगुती प्रकरण आहे, असे म्हणून मान फिरवू नये.